चालू, चालू

"चालू, चालू," ईरम्मा म्हणत होती आणि मी ताक ओतत होते.

तिचं जर्मलचं भांडं अर्धं भरलं, गळ्यापर्यंत आलं, तरी तिचं आपलं 'चालू, चालू'च. मग तिचा आवाज चढला. माणूस एवढ्या घाईने मागतंय म्हटल्यावर मीही हात आखडता घेतला नाही, चरवी पार उपडी केली. ताक उतू गेलं, तिच्या लुगड्यावर सांडलं आणि पायांवरून ओघळत अंगणभर झालं. तिने भांडं हिसकावून घेतलं, कपाळावर हात मारला आणि "पिच्चि पिल्ला" असं काहीतरी पुटपुटत तरातरा निघून गेली.

पिल्ला म्हणजे पिल्लू असणार, असं मी धरून टाकलं. पिच्चि म्हणजे काय ते विचारायला ती थांबलीच नाही.

आई चुलीपाशी भाकरी थापत होती. एवढं ताक भुईला का पाजलंस म्हणून तिने विचारलं. मी म्हणाले, "मला काय म्हाईत? तीच चालू चालू करतीय, आन् वर मलाच बोलून गेली."

"तुला तीन भाषा येत्यात न्हवं?" आई म्हणाली. "आन् एकीतबी गप बसता येत न्हाई."

तीन भाषा म्हणजे मराठी, हिंदीच्या परीक्षा देऊन कमावलेली हिंदी आणि कॉलेजात मोडकीतोडकी शिकलेली इंग्रजी. पण मला भाषेची भीती कधी वाटली नाही. चुकेल, लोक हसतील, हसले तर दात दिसतील, आपलं काय जातं? आज मला सहा भाषा बोलता येतात. त्यातल्या दोन भांडण्याइतक्या चांगल्या येतात, आणि जिच्यात भांडता येतं ती भाषा आली असं समजावं, हे माझं तेव्हापासूनचं मत आहे. त्यातली चौथी भाषा मला या सांडलेल्या ताकाने दिली.

त्या वर्षी आमच्या वाडीत पिण्याच्या पाण्याची विहीर खोदायचं काम चाललं होतं. आटपाडीकडचा आमचा मुलूख कोरडा, खडक कठीण. खोदणारी माणसं आली होती आंध्रातून, कर्नूलच्या बाजूची. आमच्या घरामागच्या पडीक रानात त्यांनी पालं ठोकली होती. ईरम्मा त्यातलीच. तिचा नवरा सुंकन्ना विहिरीच्या तळाशी काम करायचा. ती माझ्याहून चार-दोन वर्षांनी मोठी असेल. रोज सकाळी ताकाला यायची आणि आमचा शब्दांचा सौदा चालायचा. मी पाण्याकडे बोट दाखवायची, ती म्हणायची, "नीळ्ळु." ती दगडाला हात लावायची, मी म्हणायची, "दगड." ती म्हणायची, "रायि." ये म्हणजे रा. कुत्रा म्हणजे कुक्क. आमचा मोत्या तर आठवड्यात 'रा' म्हटलं की यायला लागला होता. ताक सांडलं त्या दिवसापासून मात्र ती यायची बंद झाली. मीही म्हटलं, तिला नाक असेल तर मलाही आहे.

विहिरीवर माझा थोरला भाऊ दिगंबर, म्हणजे आमचा दिगूदादा, यारीवर होता. यारी म्हणजे विहिरीतला दगड-मुरूम डब्यात भरून वर ओढणारी क्रेन. डिझेलचं इंजिन, तारेचा दोर, आणि दादाच्या हातात दांडा. दांडा ओढला की डबा वर, सोडला की खाली. खालच्या माणसाचा जीव त्या दांड्यावर असतो, असं दादा स्वतःच म्हणायचा आणि यारीवर बसला की तंबाखूसुद्धा मळायचा नाही.

खालच्यांना मराठी येत नव्हतं, दादाला तेलुगू येत नव्हतं. त्याचीही सोय होती. त्यांचा मुकादम ओबुलेसू काठावर उभा राहायचा. त्याला दोन्हीकडचं कळायचं, हिंदी तर तो सराईत बोलायचा. खालून हाक आली की तो दादाला हात करायचा. तळहात वर म्हणजे ओढ, मूठ म्हणजे थांब. त्यामुळे खालचा काय ओरडतो याकडे दादाने कधी कान दिलाच नव्हता. त्याचे डोळे मुकादमाच्या हातावर असायचे.

अपघाताच्या आदल्या दिवशी दादाचं आणि सुंकन्नाचं वाजलं होतं. कारण रेडिओ. दादा दुपारच्या सुट्टीत यारीच्या सावलीला रेडिओ लावायचा. सुंकन्नाने येऊन त्याची कळ पिळली आणि खरखरीतून कुठलं तरी तेलुगू गाणं शोधून काढलं. दादाने रेडिओ ओढून घेतला, सुंकन्नाने परत ओढला, आणि त्या ओढाताणीत रेडिओची तार तुटली. एकमेकांना कळणार नाहीत अशा शिव्या दोघांनीही मनसोक्त दिल्या. सगळ्या वाडीने ते पाहिलं आणि हसून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी मुकादम सुरुंगाचे तोटे आणायला तालुक्याला गेला. जाताना म्हणाला, वर आलेला मुरूम हटवून घ्या आणि खाली उरलेले दोन डबे काढा, बाकी मी आल्यावर. मी दादाची भाकरी घेऊन गेले तेव्हा पहिला डबा वर आला होता. दुसरा अर्धा हात वर उचलला आणि तळाजवळच्या खडकाच्या पुढे आलेल्या कडेखाली अडकला. दादाने खालचं ऐकू यावं म्हणून इंजिन मंद केलं. खालून सुंकन्नाची हाक आली. मी ती या कानांनी ऐकली.

"चालू!"

दादाने दांडा हळूच ओढला.

"चालू! चालू!"

दादाने आणखी ओढला. जितक्या जोरात तो ओरडला, तितका दादाने दांडा जोरात ओढला. डबा कडेखालून सुटला, झोका घेऊन गेला आणि सुंकन्नाचा पाय डबा आणि खडक यांच्यामध्ये सापडला. त्यानंतर खालून जे आलं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं.

त्याला खाटेवर बांधून वर काढलं आणि जीपमधून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. नडगीचं हाड मोडलं होतं. जीव वाचला, पाय जोडला जाईल, असं डॉक्टर म्हणाले. पण वाडीत मागे जे उरलं ते हाडापेक्षा वाईट होतं. मुकादमाने दवाखान्यात सुंकन्नाला विचारलं होतं आणि येऊन सगळ्यांना सांगितलं होतं, की सुंकन्ना 'बस, बस' म्हणून ओरडत होता आणि यारीवाल्याने मुद्दाम डबा ओढला. काठावर मुरूम हटवणारे त्यांचे दोघे होते, त्यांनीही तेच ऐकलं होतं. आणि आदल्या दिवशीचा रेडिओ तर सगळ्यांच्याच डोळ्यांपुढे होता.

दादा म्हणत होता, तो चालू म्हणाला. मीही तेच सांगत होते. पण मी पडले बहीण. बहिणीची साक्ष कोण धरतो?

दादा त्या दिवशी जेवला नाही. गोठ्यापुढच्या दगडावर बसून राहिला. मी शेजारी जाऊन बसले तेव्हा म्हणाला, "शके, खरं सांग. त्यो चालूच म्हणाला, का मला राग व्हता म्हणून मला तसं ऐकू आलं?"

"म्याबी ऐकलं की दादा."

"त्याच्या दोन माणसांनीबी ऐकलंय. ती कशाला खोटं बोलतील? त्यांच्याच गड्याचा पाय मोडलाय." तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. "उद्या म्या म्हणतो, चुकलं माझं. मिटवून टाकतो."

"चुकलं म्हणशील तर मुद्दाम केलं असाच अर्थ हुईल त्याचा. फौजदारापर्यंत जाईल."

"जाऊ दे. निदान झोप तरी लागंल."

मला दादाचा राग आला आणि रडूही आलं. पण एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती. दादा खोटं बोलत नव्हता. आणि दोन माणसं खरं बोलत असतील तर त्यांच्यामध्ये कुठेतरी काहीतरी सांडलेलं असणार. ते शोधायचं, एवढंच मी ठरवलं. कुठे शोधायचं ते मात्र कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पडवीत बैठक बसली. आमचे सरपंच तानाजी आप्पा मध्ये, एका बाजूला वाडीची माणसं, दुसऱ्या बाजूला पालांवरची. ईरम्मा खांबाला टेकून बसली होती, दवाखान्यातून तशीच आलेली, डोळे सुजलेले. मुकादमाने आधीच सांगून टाकलं, की यारीवाल्याने गुन्हा कबूल केला नाही तर आम्ही इथून उठून थेट फौजदाराकडे जाणार, आणि विहीर अशीच राहील.

आप्पांनी दादाला विचारलं, सुंकन्ना काय म्हणाला? दादा म्हणाला, "चालू."

मुकादमाने वळून आपल्या माणसांना तेलुगूत समजावलं. ती माणसं उसळली. काठावरचे दोघे छाती बडवून काहीतरी सांगायला लागले. मुकादम परत आमच्याकडे वळला. "सब बोलते, उसने चालू करो बोलाच नहीं. उसने बस बोला. बस, बस, ऐसा चिल्लाया."

"मंजे एक कुणीतरी खोटं बोलतंय," आप्पा म्हणाले.

दादा उठून उभा राहिला. त्याचा चेहरा बघूनच मला कळलं की आता हा चुकलं म्हणणार.

आईने चहाची किटली देऊन मला पाठवलं होतं. भांडण असलं तरी चहा पाजायचाच, हा तिचा कायदा. मी पालांवरच्या माणसांना वाटत वाटत ईरम्मापाशी आले होते. तिने माझ्याकडे न बघता पेला पुढे केला. मी ओतायला लागले. पेला अर्धा झाला आणि तिने त्याच्यावर आडवा तळहात धरला.

"चालु," ती म्हणाली.

किटलीची धार तिच्या हातावर पडता पडता राहिली. मी तिच्या तळहाताकडे बघत राहिले. माझ्या मागे दादा घसा साफ करत होता.

"दादा, थांब," मी म्हणाले. "एक शब्द बोलू नगंस."

बायकांनी बैठकीत मध्ये बोलायची आमच्याकडे तेव्हा रीत नव्हती. आप्पांनी भुवया चढवल्या. मी किटली खाली ठेवली आणि मुकादमाला विचारलं, "दवाखान्यात सुंकन्ना तुम्हाला काय म्हणाला?"

"कितनी बार बोलूं? बस बोला."

"हिंदीत नको. त्याच्या तोंडचा शब्द सांगा. तेलुगू शब्द."

मुकादम वैतागला. "तेलुगू में बोला तो तुमको क्या समझेगा?"

"न समजू दे. सांगा तर."

"उसने बोला, चालु," मुकादम म्हणाला. "चालु, चालु, ऐसा..."

आणि तो तिथेच थांबला. स्वतःच्या तोंडातून निघालेला शब्द त्याने बहुधा पहिल्यांदाच ऐकला. आयुष्यभर तो दोन्ही भाषांमध्ये ये-जा करत होता, पण दादाचं चालू तो 'सुरू कर' म्हणून तिकडे पोचवायचा आणि सुंकन्नाचं चालु 'बस' म्हणून इकडे आणायचा. अर्थ त्याने दोन्हीकडे चोख पोचवला होता. शब्द मात्र मधल्या मध्ये राहिला होता.

पण पडवीतल्या बाकी कुणाला हे कळलं नाही. आप्पांनी मांडीवर थाप मारली. "झालं की मग! मुकादमानंच कबूल केलं. गडी चालू म्हणाला, दिगूनं चालू केलं. दिगूची काय चूक?" आमच्या बाजूची माणसं एकदम बोलायला लागली. कुणी दादाच्या पाठीवर हात ठेवला. कुणी म्हणालं, पाय मोडून घेतला आणि आळ दुसऱ्यावर घेतोय बघा. पलीकडची माणसं काय झालं ते न कळून मुकादमाकडे बघत होती आणि मुकादमाने मान खाली घातली होती.

तिथे मी गप्प बसले असते तर दादा सुटलाच होता. पण तसं सुटणं दादाला पचलं नसतं, आणि मला तर मुळीच नाही. ईरम्मा माझ्याकडे बघत होती. तिला एवढंच दिसत होतं की वाडीची माणसं खूश झालीत, म्हणजे आपल्या नवऱ्याचं काहीतरी वाईट झालंय.

मी कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरून घेतला. ईरम्माचा हात धरून तिला पडवीच्या मध्ये आणलं. तिच्या पेल्यातला चहा बाहेर ओतला आणि रिकामा पेला तिच्या हातात दिला.

"रा," मी म्हणाले. माझ्या तेलुगूतला तो सगळ्यात पक्का शब्द होता. मग वाडीच्या माणसांकडे वळून म्हणाले, "आता ऐका."

मी पाणी ओतायला लागले. पेला अर्धा झाला. ईरम्मा म्हणाली, "चालु."

मी ओतत राहिले.

"चालु, चालु."

पेला काठोकाठ भरला. मी ओतत राहिले. पाणी तिच्या बोटांवरून खाली सांडायला लागलं. "चालु! चालु!" ती ओरडली आणि पेला मागे ओढला. पाणी आप्पांच्या धोतरावर उडालं.



"ती काय म्हणतीया, आप्पा?" मी विचारलं. "चालू ठेव म्हणतीया का?"

आप्पा धोतर झटकायचं विसरले. "पुरे म्हणतीया," ते हळूच म्हणाले.

"सुंकन्नाबी पुरेच म्हणत व्हता. आन् दादानं चालूच ऐकलं. दोघंबी खरं बोलत्यात."

मराठी चालूतला लू दीर्घ आणि तेलुगू चालुतला लु ऱ्हस्व. फरक काय तो एवढाच. आमचे शाळामास्तर एका ऱ्हस्व-दीर्घासाठी अर्धा गुण कापायचे, पण विहिरीच्या तळातून वर येताना ऱ्हस्व-दीर्घ कुठे टिकतंय?

मुकादमाने मग आपल्या माणसांना सांगितलं. त्याला वेळ लागला, कारण या वेळी तो अर्थ नाही, शब्द सांगत होता. चालु म्हणायचा आणि दादाकडे बोट दाखवून दांडा ओढल्यासारखं करायचा, परत चालु म्हणायचा आणि मूठ मिटायचा. काठावरच्या दोघांपैकी एकाने दोन्ही हातांनी डोकं धरलं. दादा खाली बसला. त्याने गुडघ्यात तोंड घातलं आणि मोठ्याने रडला. तो वडील गेले तेव्हाही एवढा रडला नव्हता.

ईरम्माला सगळं कळायला आणखी एक क्षण लागला. तिने हातातल्या पेल्याकडे बघितलं, ओल्या लुगड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला ताक आठवलं असणार, कारण सुजलेल्या डोळ्यांनीच ती हसली आणि माझ्या डोक्यावर एक टपली मारली.

"पिच्चि पिल्ला," ती म्हणाली.

"वेडी पोर," मुकादमाने मला न विचारताच अर्थ सांगितला. पिल्लाचा अर्थ माझा जवळजवळ बरोबर आला होता.

त्या दुपारी आईने भात आणि आमटीचा डबा भरून दिला आणि दादा, मी आणि ईरम्मा एस.टी.ने तालुक्याला गेलो.  वाटेत तिकीट काढतानाही दादाने नुसती बोटं दाखवली. ईरम्मा माझ्या शेजारी बसली होती. तिने खिडकीतून दिसेल त्याचं नाव मला तेलुगूत सांगायला सुरुवात केली होती आणि मी घोकत होते. सौदा पुन्हा चालू झाला होता. मराठी चालू.

सुंकन्ना कॉटवर पडला होता, पाय प्लास्टरमध्ये. दादाला बघून त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. ईरम्मा त्याच्या उशाशी बसली आणि खालच्या आवाजात सांगत राहिली. मला त्यातले दोनच शब्द कळत होते, नीळ्ळु आणि चालु. बराच वेळ तो भिंतीकडेच बघत होता. मग एकदा वळून त्याने दादाकडे बघितलं. मग परत तिच्याकडे, आणि तिने तेच पुन्हा सांगितलं.

 दादाला तेलुगू येत नव्हतं आणि आता मराठीवरही त्याचा भरवसा राहिला नव्हता. त्याने डबा उघडला, ताटलीत भात काढला, स्टुलावर बसला आणि पळीने आमटी वाढायला लागला. यारीच्या दांड्यावर असायचा तसा त्याचा हात जपून चालला होता.

"चालु," सुंकन्ना म्हणाला.

पळी हवेत तिथल्या तिथे थांबली. आमटीचा एक थेंबही पडला नाही. 

सुंकन्नाने थांबलेल्या पळीकडे बघितलं. मग दादाच्या तोंडाकडे. त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्याने ताटली हाताने थोडी पुढे सरकवली आणि लू चांगला लांबवून म्हणाला,

"चालूऽऽ."

दादाने माझ्याकडे बघितलं. "शके," तो म्हणाला, "ह्यो कुठल्या भाषेतला गं?"

"आपल्या," मी म्हणाले. "वाढ."